काजूच्या बागेतली छत्री

फेब्रुवारी सरत आला की आमच्या डिचोली-पेडण्याकडच्या वाऱ्याला पिकल्या बोंडूंचा वास येऊ लागतो. ज्यांची काजूची बाग परसदाराला लागून आहे त्यांचे ठीक आहे. ज्यांची बाग दूर डोंगरात आहे, त्यांना मात्र बिऱ्हाड हलवावे लागते. बागेत एक मांगर असतो. मातीच्या भिंती, वर पत्रे, पुढे शेणाने सारवलेले अंगण. मार्चपासून मेपर्यंत पडलेले बोंडू वेचायचे, बी पिळून वेगळी करायची, बोंडू भट्टीवाल्याच्या स्वाधीन करायचे आणि रात्री राखणीला तिथेच झोपायचे. चार भांडी, दोन गोधड्या, एक कंदील एवढ्यावर दोन-अडीच महिने निघतात. परदेशी पाहुणे गाडीतच घर थाटून डोंगर-समुद्र फिरतात आणि त्याला कॅम्पिंग म्हणतात. आमच्याकडे त्याला नुसता हंगाम म्हणतात.

आमच्या सासऱ्यांनी असे कितीतरी हंगाम सासूबाईंच्या सोबतीने काढले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी बाबा बागेकडे फिरकले नाहीत. बाग हंगामापुरती दुसऱ्याला दिली. गेल्या फेब्रुवारीत तोच माणूस पुन्हा दारात आला, तो पाच वर्षांच्या कराराची बोली घेऊन. आमच्या ह्यांचा कल देऊन टाकण्याकडे होता. दोघांच्याही नोकऱ्या, मुलीची बारावी नुकतीच होत आलेली, बागेत राहणार कोण? बाबा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात.

एका रात्री जेवणे आटोपल्यावर मी सरळच विचारले, "बाबा, तुम्हाला बागेत जायचं नाही का?"

"जायचं आहे गो," ते म्हणाले. "पण तिन्हीसांजा झाल्या की तिथं काहीच ऐकू येत नाही."

आधी मला उलगडा होईना. डोंगरात रात्री रातकिडे असतात, कोल्हे ओरडतात, हल्ली मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानेही डोक्यावरून जातात. मग लक्षात आले. घरी बाबा संध्याकाळच्या बातम्यांपासून साडेनऊपर्यंत टीव्हीसमोर बसतात. त्यातले अर्धे ते पाहत नाहीत, कधी डोळेही मिटलेले असतात. पण टीव्ही बंद केला की दचकून उठतात. घरात कुणीतरी बोलत असलेले त्यांना हवे असते. इतकी वर्षे मांगरात ते बोलणारे माणूस होते.

मी ह्यांना म्हटले, टीव्ही मांगरात न्यायचा. हे हसले. मांगरात वीज नाही. मोबाईलची रेंज बागेच्या वरच्या टोकाला एका खडकावर उभे राहिले तरच येते, मग मोबाईलवर बातम्या-मालिका कुठून दिसणार? आणि पूर्वीचा तो मासळीच्या काट्यासारखा अँटेना आता शोभेलाही उरलेला नाही, कारण दूरदर्शनने देशभरातले जुने ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. राहता राहिली छत्री. डिशला आमच्याकडचे म्हातारे छत्रीच म्हणतात, आणि बाबांचाही तोच शब्द.

वाचकहो, मी मराठीची प्राध्यापिका. तारांचे आणि अंशांचे माझे ज्ञान यथातथाच. पण पुढचे तीन आठवडे मी या छत्रीपायी दुकाने पालथी घातली, कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांचे डोके खाल्ले. जे शिकले ते तुमच्याही उपयोगी पडावे. कुणाचा मांगर असेल, कुणी टेंपो ट्रॅव्हलर करून कुटुंबासह मुक्कामाला जात असेल, कुणी गाडीतच बिऱ्हाड थाटण्याच्या विचारात असेल. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले आहे, तेव्हा हा प्रश्न एकट्या आमच्या मांगराचा नाही.

पहिली गोष्ट मला समुद्रावर कळली होती, पण तिचा अर्थ नंतर लागला. मागे एकदा पेडण्याच्या किनाऱ्यावर एका परदेशी जोडप्याची चालती-फिरती घरगाडी पाहिली होती. टपावर पांढरी थाळी. मी कौतुकाने पाहते आहे हे बघून गृहस्थ म्हणाले की, ही थाळी इथे मुकी आहे. मला वाटले बिघडली असेल. आता कळते की ती बिघडलेली नव्हती. युरोपातली बरीच घरे ज्या ॲस्ट्रा उपग्रहांवरून टीव्ही पाहतात ते १९.२ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर उभे आहेत. आपल्या गोव्यातून ते पश्चिमेच्या आकाशात क्षितिजाच्या बरेच वर येतात. म्हणजे मध्ये काही आडवे येत नाही. पण त्यांचा झोत युरोपवर रोखलेला आहे, आपल्याकडे त्याची तिरीपही पोचत नाही. उपग्रह नजरेच्या टप्प्यात असणे वेगळे आणि त्याने आपल्याशी बोलणे वेगळे.

मग आपल्याशी बोलणारा कोणता? इथे निवड आली. पैसे भरून घ्यायच्या सेवा तीन-चार आहेत, आणि प्रत्येकीचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहे. घरची छत्री उचलून बागेत नेता येते, पण मग घरी टीव्ही बंद. आणि दुसरी घ्यावी तर वर्षातल्या अडीच महिन्यांसाठी रिचार्जचा हिशेब सांभाळत बसायचे. दुसरा मार्ग दूरदर्शनच्या फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्या घेऊन सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे काही भरायचे नाही. तिच्यावर सह्याद्री आहे, २०१९ पासून डीडी गोवाही आहे. क्रिकेटचे म्हणाल तर २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावे लागते, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते दूरदर्शनच्या स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल असे ठरवले. म्हणजे भारताचे महत्त्वाचे सामने या फुकटच्या छत्रीवर दिसतात. बाबांना बातम्या, कीर्तन आणि क्रिकेट एवढेच हवे होते. दुकानदार दोनशे-तीनशे वाहिन्यांची यादी पुढे करत होता. मी म्हटले, बघणारा माणूस एक आहे आणि त्याला तीनच गोष्टी लागतात. डबा मात्र एमपेग-४ चा घ्या. फ्री डिशवर दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या आहेत आणि जुन्या एमपेग-२ च्या डब्यात त्यातल्या काही दिसतच नाहीत.

नंतर छत्रीचा आकार. इथे मी फसता फसता राहिले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डोंगरात जाताय, मोठी घ्या, मोठी जास्त खेचते." खोटे नव्हते, पण अर्धेच खरे होते. सहकाऱ्यांनी कागदावर मांडून दाखवले की ६० सेंटीमीटरची थाळी आकाशातला साधारण तीन अंशांचा पट्टा पाहते आणि ९० सेंटीमीटरची दोन अंशांहूनही थोडा कमी. थाळी मोठी झाली की नजर तीक्ष्ण होते, पण अरुंदही होते. घराच्या गच्चीवर कायमची बसवायची असेल तर मोठी चांगली, पावसात जास्त तग धरते. पण जिथे दर हंगामाला आपल्याच हाताने लावायची, काढायची, पिकअपमधून न्यायची, डोंगरवाऱ्यात उभी ठेवायची, तिथे लहानच बरी. चालत्या गाडीत आपोआप उपग्रह शोधणाऱ्या घुमटाकार छत्र्याही मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी पुढे चौकशी केली नाही. आपल्याला टीव्ही मुक्कामाला पोचल्यावर पाहायचा असतो, घाटातून जाताना नव्हे. ६० ची थाळी, तीन पायांचा लोखंडी स्टँड, पंधरा मीटर केबल आणि डबा एवढ्याला मिळून दोन हजारांच्या आसपास खर्च आला.

आता दिशा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो सोडला आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उभा आहे. पृथ्वीबरोबरच फिरतो म्हणून आपल्याला एका जागी स्थिर वाटतो. डिचोली-पेडण्यातून तो आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजले तर सुमारे १२७ अंश, आणि क्षितिजापासून वर सुमारे ६१ अंश. थाळीकडे पाहून मात्र फसू नका. तिच्यापुढचा एलएनबीचा दांडा खालून आलेला असतो आणि ती दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. उपग्रह इतका उंच असण्याचा एक फायदा आहे. आग्नेयेला झाड असले म्हणून लगेच निराश व्हायला नको. थाळीपेक्षा दहा मीटर उंच झाड साडेपाच-सहा मीटरपलीकडे असेल तर नजर त्याच्या शेंड्यावरून निघून जाते. पण त्याहून जवळ असेल तर काजूची पाने सिग्नल गिळतात. बाबांनी लगेच विचारले, "झाड तोडायचं नाही ना?" मी म्हटले, "नाही, छत्रीच चार पावलं सरकवायची." मुक्कामी छत्रीचे हेच तर सुख आहे. म्हणून ती मांगराच्या भिंतीला न ठोकता सुट्या स्टँडवर ठेवायची आणि केबल दोन-चार मीटर जास्तच घ्यायची.

वीज हा शेवटचा प्रश्न. १२ व्होल्टवर चालणारा २४ इंची टीव्ही आणि डबा मिळून साधारण ४० वॉट खातात. रोज तीन तास धरले तर १२० वॉट-तास. गाडीतल्यासारखी ६० अँपिअर-तासाची बॅटरी भरलेली असताना ७२० वॉट-तास देते, पण ती अर्ध्याखाली उतरवू नये, नाहीतर लवकर मरते. म्हणजे हाताशी ३६०, ऊन अजिबात नसले तरी तीन संध्याकाळी निघतात. पत्र्यावर १०० वॉटचे सौर पॅनेल टाकले की एप्रिलच्या उन्हात दोन-तीन तासांत रोजचा खर्च भरून निघतो. मध्ये चार्ज कंट्रोलर आणि फ्यूज हवाच. टीव्ही १२ व्होल्टचाच घेतला तर इन्व्हर्टरची गरज नाही आणि त्यात वाया जाणारी वीजही वाचते.

एवढी तयारी करून मार्चच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बागेत पोचलो आणि संध्याकाळपर्यंत पडद्यावर काहीही आले नाही. पहिली चूक माझी. होकायंत्र मी पिकअपच्या बॉनेटवर ठेवून दिशा पाहिली. लोखंडापाशी सुई भरकटते हे शाळेत शिकवलेले असते, पण परीक्षा संपली की आपण विसरतो. दुसरी चूक ह्यांची. स्टँडचा खांब नीट उभा नव्हता, तेव्हा त्यावरचे अंशांचे आकडे काय कामाचे? बाबा मांगरात गेले आणि भिंतीच्या कामाचा जुना ओळंबा घेऊन आले. खांब ओळंब्यात आणला. एवढे झाल्यावर सिग्नलचा मीटर किंचाळू लागला, आम्ही आनंदाने ओरडलो, आणि तरी पडदा काळाच! सहकाऱ्यांना विचारायला मी त्या खडकावर चढून फोन लावला. ते म्हणाले, मीटरला उपग्रहाचे नाव वाचता येत नाही. ९५ अंशांवर, अगदी शेजारी, दुसऱ्या सेवेचा उपग्रह आहे. तुम्ही त्याच्या दारात उभ्या आहात. थाळी दोन अंश दक्षिणेकडे वळवा आणि किंचित वर करा.

वळवली. डब्याने वाहिन्या मोजायला सुरुवात केली. अंधार पडला होता. सह्याद्रीवर कुणीतरी बोलत होते, काय बोलत होते ते आठवत नाही. बाबा मांगराच्या पायरीवर टीव्हीकडे पाठ करून बसले आणि बोंडू पिळू लागले. मला आधी वाईट वाटले, एवढा खटाटोप केला आणि हे बघतही नाहीत. मग आठवले, सासूबाई आत चुलीपाशी बोलत असायच्या तेव्हाही ते असेच पाठ करून बसत.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, डोंगरातली शांतता बिघडवायला टीव्ही कशाला? मीही आजवर असेच म्हणत आले होते. वर्गात निसर्गवर्णने शिकवताना शांततेची स्तुती केलेली आहे. पण शांतता ज्याला हवी असते त्याची वेगळी आणि ज्याच्यावर येऊन पडते त्याची वेगळी. १९७५-७६ साली साइट प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या मोठमोठ्या छत्र्या बसवून उपग्रहावरून टीव्ही दाखवला, तो शेती-आरोग्याची माहिती पोचावी म्हणून. माहिती पोचते हे खरे. पण सोबतही पोचते, हे मला त्या पायरीवर कळले.

म्हणून मुक्कामासाठी छत्री निवडणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे. आधी वाहिन्या मोजू नका, टीव्हीशिवाय ज्याचे पाऊल घराबाहेर पडणार नाही असे माणूस घरात कोण आहे ते बघा. त्याला काय लागते, किती वेळ लागते, आणि सामान कुणाला उचलावे लागणार आहे, एवढ्यावरून थाळी, डबा, बॅटरी सगळे आपोआप ठरते. बाकीच्यांनी अंगणात बसून चांदणे पाहावे.

हंगाम सगळाच सुरळीत गेला असे नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात वळवाचा पाऊस आला. टीव्हीच्या या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, जोराच्या सरीत पाण्याचे थेंब त्या शोषतात आणि विखरून टाकतात. चित्राचे चौकोन झाले आणि मग काहीच राहिले नाही. विजा चमकू लागल्यावर मी डब्यातून केबल काढून ठेवली, आणि ते तुम्हीही विसरू नका. उघड्यावरच्या लोखंडी स्टँडचा भरवसा धरू नये. बाबा चिडले. "सामना चालला होता गो!" म्हणाले. अर्धा तास पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि कुणी कुणाशी बोलत नव्हते. मग मुलीने विचारले, आजी असताना पाऊस आला की तुम्ही काय करायचात? बाबा म्हणाले, "काय करायचं? ती गळतीखाली भांडी मांडायची आणि मी शिव्या खायचो." पाऊस ओसरला तशी त्यांनीच केबल लावायला सांगितली. सामना संपला होता.

मेअखेरीस आम्ही बिऱ्हाड आवरले. पाच वर्षांच्या कराराचा माणूस एप्रिलमध्येच येऊन गेला होता. त्याला बाबांनी स्वतः नाही सांगितले, आम्हाला मागाहून कळले. स्टँड उचलायला गेले तर बाबा म्हणाले, "थांब." आत जाऊन चुन्याची वाटी घेऊन आले आणि स्टँडचे तिन्ही पाय जिथे टेकले होते तिथे कातळावर तीन गोल काढले. मग थाळीच्या तोंडाची दिशा दाखवणारी एक रेघ ओढली.

"पावसात पुसून जाईल ना हो, बाबा," मी म्हटले.

"मग ऑइलपेंट आण," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी परत शोधत बसायचं काय?"